तीन मायक्रॉन

बाप पोलादाला पाणी देतो.
मी काम करते तिथं पाण्याचा थेंब चालत नाही,
हवासुद्धा नाही.
बुटीबोरीच्या शेडमध्ये स्टीलचं एक पोट आहे,
त्यातली हवा तीन तास उपसायची,
मग आरगॉनचा घोट, मग नायट्रोजन,
आणि काचेच्या भोकातून दिसतो उजेड
जवसाच्या फुलासारखा, जरा गडद.

निनाव्यांच्या घाणीचा आटा दर वर्षी बापाकडं येतो.
घाणी म्हणायची फक्त सवय;
बैल नाही, एक्स्पेलर आहे, वीस हॉर्सपॉवरचा.
जवसात माती येते, मातीत वाळू,
वाळू आट्याची कड खाते,
ज्येष्ठापर्यंत तेल कमी आणि पेंड ओली.
बाप रॉड जाळून कड भरतो, घासतो, पाणी देतो.
एकोणीस वर्षं तोच आटा.
त्यात मूळचं लोखंड किती उरलं
त्यालाही सांगता येणार नाही.

मी म्हटलं, एक माझ्याकडं द्या.
"रंग मारून आणशीन?"
रंग नाही बाबा.
लाखांदूरच्या मावशीच्या बांध्या आठवा, धानाच्या,
लहान लहान, प्रत्येकीला पार.
बांधी म्हणजे टायटॅनियमचा कण, पाच नॅनोमीटर.
पार सिलिकॉनचा, दोन-चार अणूंच्या जाडीचा.
भेग निघाली की पाराला थटते, वळते,
पुन्हा थटते,
फिरता फिरता जीव सोडते.
तो ऐकत होता. मग म्हणाला,
"अन् पारात खेकड्यानं भोक पाडलं तं?"

खेकड्याचं उत्तर मला आलं नाही.

पहिल्या खेपेला सगळा थर सोलून निघाला,
उकडल्या अंड्याच्या टरफलासारखा.
कुंभलकर साहेबांनी पुन्हा पुन्हा विचारलं, हात कोणी लावला?
हात कोणाचाच नव्हता.
तेल होतं.
जवसाचं तेल सुकतं, वार्निश होतं,
गाडीच्या आऱ्यांना आम्ही तेच चोपडायचो.
लोखंडाच्या बारीक भोकांत एकोणीस हंगाम ते मुरलेलं,
माझ्या थराआधी
तिथं एक थर केव्हाचा बसला होता.

बापाला फोनवर सांगितलं तर हसला नाही.
दुसरा आटा रात्रभर मंद भट्टीत ठेवला
धूर थांबेपर्यंत,
धूर थांबल्यावर आणखी तासभर.
सोड्याच्या पाण्यात उकळला, वाळवला,
कोऱ्या धोतराच्या फाडीत चिमट्यानं गुंडाळला
आणि माझ्या डब्याशेजारी ठेवून म्हणाला,
"हात नोको लावू."
साहेबांच्या वहीतली सूचना, शब्द न शब्द.

तो थर बसला. तीन मायक्रॉन.
डोक्याचा केस उभा चिरून वीस भाग करा, त्यातला एक.
पिकल्या जांभळाच्या सालीचा रंग.
बापानं आटा दारातल्या उजेडात धरला.
त्याच्या भट्टीत जांभळा म्हणजे श्वासभराचा वेळ:
आधी गवती, मग तांबूस, मग जांभळा,
तेवढ्यात बुडवलं तर बुडवलं,
नाही तर निळा, आणि मग मेहनत वाया.
साऱ्या आयुष्यात त्यानं तो रंग
धावतानाच पाहिलेला.
"हा थांबला कसा व?"
मी म्हटलं, थांबला नाही, हा असाच जन्मला.
त्यानं मान हलवली, पण पटलं नव्हतं.

ज्येष्ठात निनाव्यांनी घाणी खोलली.
नाकाशी रंग उडालेला, कडेला दोन ओरखडे,
बाकी आटा जसाच्या तसा,
कॅलिपर फिरवून फिरवून बापाचा अंगठा दुखला.
पण पिंजऱ्याच्या पट्ट्या,
ज्या आठ वर्षं कोणी बदलल्या नव्हत्या,
निम्म्या झिजलेल्या.
निनावे माझ्याकडं बघायला लागले.

"वाळूले काही तरी खाऊ तं पायजेच," बाप म्हणाला,
आणि पहिल्यांदा मोठ्यानं हसला.
पट्ट्या मोजल्या. चोवीस.
भट्टीत कोळसा सारला,
सोड्याची पुडी आहे का म्हणून आईला हाक मारली,
आणि आपला चिमटा
कुठं ठेवला ते शोधायला उठला.