विसर्ग

एक टीबीची काळी डबी, पानाच्या डब्याएवढी,
आणि तिला घरं तीन.
एरंडवण्यात माझं लिनक्स,
शनिवारात उल्काचं मॅक,
कॅम्पात बेनी सालढाणाचं विंडोज,
जे तो वर्षातून एकदा, नाताळात झाडतो.

आत आमचं एकच काम:
तांबट आळीतले निजामपूरकर एक हंडा ठोकतायत,
कोऱ्या पत्र्यापासून काठापर्यंत,
न कापता, अकरा जीबी.

प्रश्न एवढाच की डबी फॉरमॅट कशात करायची.

फॅट बत्तीस जुनी, सगळ्यांच्या ओळखीची,
पण चार जीबीवरचा घास गिळत नाही.
"तुकडे कर की," बेनी म्हणाला.
हंड्याचे?

मग एनटीएफएस. रात्री उल्काचा फोन:
दिसतंय सगळं, वाचताही येतंय,
पण मला त्यात एक अक्षर लिहिता येत नाहीये.
मी म्हटलं, सासरहून आल्यासारखी बोलतेस.
ती हसली नाही.

मला विचाराल तर ईएक्सटी फोर.
मालक कोण, कुणी कधी हात लावला, सगळं टिपते,
वीज गेली तरी रोजकीर्द शाबूत.
बेनीच्या विंडोजनं तिच्याकडे पाहिलं
आणि अदबीनं विचारलं, फॉरमॅट करू का?
म्हणजे आपल्याला वाचता येत नाही
ते कोरंच असणार.

राहिली एक्सफॅट.
तिघांनाही वाचता येते, लिहिता येते.
रोजकीर्द नाही. मालकाचा रकाना नाही.
लिहिता लिहिता केबल ओढली तर गेलं ते गेलं.
"मग ओढायची नाही," उल्का म्हणाली.
एवढ्यावर ठरलं.

हंडा गेला, चहाला उकळी येईस्तोवर.
अडली ती एक छोटी फाइल, नऊ मिनिटांची.
निजामपूरकर हातोडा खाली ठेवून बसलेत,
डाव्या कानानं ऐकू येत नाही म्हणून
उजवा कान हंड्याला लावून.
मी नाव दिलेलं: नि:शब्द.
अवैध नाव, म्हणे.

पाऊण तास केबली बदलल्या.
मग दिसलं. विसर्ग म्हणून मी अपूर्णविराम टंकला होता.
जन्मभर तसाच टंकत आलो,
दु:खातही, अंत:करणातही,
कधी कुणी हटकलं नाही.
खरा विसर्ग शोधला कळफलकावर,
तर तो शिफ्ट धरून
उणे चिन्हाच्या कळीवर.
पडद्यावर दोन्ही सारखेच, दोन ठिपके.
फाइल गेली.

सकाळी खडकवासल्यातून विसर्ग वाढवलेला,
भिडे पूल पाण्याखाली.
डबी रुमालात, रुमाल दुधाच्या पिशवीत,
बालगंधर्व पुलावरून वळसा घालून शनिवारात.

उल्कानं जोडली. मॅकनं न विचारता
ठिपक्यानं सुरू होणाऱ्या चार फायली ठेवल्या.
बेनीचं विंडोजही आपला एक फोल्डर करेल,
माझी लपलेली कचरापेटी आत आहेच.
नव्या भांड्यावर नाव घालतात तसं,
फक्त इथे प्रत्येक जण आपलंच घालतो.

हेडफोन लावून ती बराच वेळ बसली.
"हे काय रे? नऊ मिनिटं काहीच नाही?"
आवाज वाढव, मी म्हटलं.
आणि केबलला हात लागू देऊ नकोस.