बोली

मार्च एंडची रात्र, साडेअकरा.
उदगीरच्या पतसंस्थेत, वरच्या मजल्यावर,
एसीचं पाणी बादलीत टिपटिपतंय
आणि देवणी शाखा लागत नाही.

लागत नाही म्हणजे रस्ता बंद नाही.
पिंग जातं, येतं. प्रमाणपत्र नोव्हेंबरपर्यंत ताजं.
देवणीचा हात पुढे येतो, हाताला हात लागतो
आणि कामाचा पहिला शब्द निघायच्या आत
आमचा सर्व्हर हात सोडवून घेतो.
लॉगमध्ये एकच ओळ :
सामायिक बोली नाही.

रेवणप्पाला फोन लावला.
तो कन्नड घरातला, म्हणून मी म्हटलं, "एनायतु, हेळ्रि?"
मी मराठी, म्हणून तो त्याच क्षणी, "म्याडम, काय झालंय बगा…"
दोघंही थांबलो.
दोघांनीही बदललं. पुन्हा आपटलो.
चौथ्या खेपेला दोघांच्याही तोंडून दखनीच निघाली :
"कुछ चलताच नै, बोलो."

तारेवर इतकं अडखळणं परवडत नाही.
तिथं येणाऱ्यानं पहिल्या नमस्कारातच सांगायचं :
मला ही येते, नाहीतर ती,
अगदीच अडलं तर ती जुनी.
समोरच्यानं एक उचलायची.
वेगळी फेरी नाही, मधे चहा नाही.
एकही जुळली नाही, तर व्यवहारही नाही
आणि मनात राग धरायचा नाही.

अप्पा हेडी होते. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात
टॉवेलखाली हात घालून देवणी बैलांचे सौदे करत.
बिदरकडचा, निजामाबादकडचा, कुठलाही येवो,
आधी दोन वाक्यं हवेची, चाऱ्याची,
तेवढ्यात गिऱ्हाइकाच्या जिभेचा वास घ्यायचे.
म्हणायचे, "आधी बोली ठरव, मंग बोली लाव."
लहानपणी मला वाटायचं
अप्पा एकच गोष्ट दोनदा सांगतात.

मी तारेवरचं टिपण उघडलं.
देवणीचा नमस्कार समोर पडला, उघडाच.
यादीत एकच नाव :
एचटीटीपी एक पॉइंट एक.
पासबुक छापणारं ते म्हातारं यंत्र,
त्याला दुसरं काही शिकवलंच नाही कुणी.
आणि आमच्या सर्व्हरला फक्त दोन येतं.

येतं म्हणजे, तेवढंच ठेवलं होतं.
गेल्या महिन्यात साफसफाई करताना
जुनी ओळ कुणी खोडली ते बघायला
बदलांची नोंद उघडली.
श. बिरादार.
मीच.
पुढं लिहिलंय : आता कोण बोलतं हे?

ओळ परत घातली. दुसऱ्या नंबरावर.
पहिला मान नव्याचा, तो काढला नाही.
रेवणप्पा म्हणाला, "आला, आला,"
आणि मागून प्रिंटरची करकर ऐकू आली,
तशीच ऐकत बसले थोडा वेळ.

घरी पोचले तर एक वाजून गेलेला.
अप्पा ओसरीवर जागे, अडकित्ता हातात.
सगळं सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं,
मग नेमकं नको तेच विचारलं :
"वाटंत कुणी बगत आसंल, तर त्याला काय दिसतंय?"
म्हटलं, येणारा काय काय बोलू शकतो ती यादी दिसते.
त्यातली कुठली ठरली ते दिसत नाही,
नव्या रीतीत उत्तर झाकून येतं.

"म्हंजे इचारणं उगडं, अन् उत्तर टॉवेलखाली."
हो.
"कच्चा हाय तुमचा बाजार."
सुपारीचा एक तुकडा माझ्या हातावर ठेवला.
"आमी दोन्ही झाकायचो."

यादीसुद्धा झाकायची रीत निघालीय, अप्पा,
असं सांगणार होते.
पण त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून
माझ्या हातावर टाकला, खालून हात घातला
आणि माझी तीन बोटं दाबली.

कशाचे तीन, ते बोलले नाहीत.
मी दोन दाबली.