दोन काळ्या रेघा

साडेअकराला बोलावणं आलं.
निरोप्या शिंगाडे सोलत दारात उभा:
"चाल गा ताराचंद, नाटकातली गिटार भुकून रायली."

मी मोटारी भरणारा माणूस.
स्टार्टर, कपॅसिटर, फार तर राइस मिलचा फ्यूज.
गिटार मी फक्त मंडईच्या रात्री
तणसावर बसून लांबून ऐकलेली.
तरी मीटर घेतला, सोल्डरची पेन्सिल घेतली,
सायकलच्या कॅरिअरला होतं ते तसंच राहू दिलं:
सोमाजी लांजेवारच्या बोअरची नवी केबल, वेटोळं करून.

सावलटोल्याच्या शामियान्यात तेव्हा आई मरत होती.
दुसऱ्या अंकातली, क्षयानं.
मुलगी म्हणाली, "माय, एकदा डोळे उघड,"
आणि नेमक्या त्या जागी गिटारनं
गाळात रुतलेल्या ट्रॅक्टरसारखा आवाज काढला.
पब्लिक हसलं.
मरणारी आईसुद्धा हसली, पदराआड.
पहिल्या रांगेनं पाहिलं. पडदा पाडावा लागला.

गिटारवाला पोरगा, तथागत सहारे, वडशाच्या कंपनीचा,
अशा थंडीत घामानं ओला.
पायाशी लोखंडी डबी, तिच्यावर दोन बटणं.
"एक घुमवायचं. हे दुसरं दाबलं का कडक आवाज,
परत दाबलं का साधा.
कालपासून दाबा नाही तर नका दाबू, कडकच."

डबी उलटी केली, चार स्क्रू काढले.
आत एक वाळका किडा, धानाचं तूस,
कोणत्या कोणत्या गावची माती.
फुंकर मारली. मीटर लावला.
दाबलं: टीं. दाबलं: गप्प. दाबलं: टीं.
बटण खरं बोलत होतं.
टाके चकचकीत, स्प्रिंग ताठ.
डबीची वायर उपसली की पेटी शहाण्यासारखी मऊ बोले.
खुपसली की पुन्हा भुंके.

पडद्यापुढे खुशाल बावणे वेळ काढत होता.
आई पुरती मरायच्या आतच
त्यानं तिच्या तेरवीचे लाडू वाटून टाकले.

मग वायर. पिन बॅटरीच्या उजेडात धरली.
एकच काळी रेघ.
"हे कंपनीची हाये का?"
"नाही जी. ते उंदरानं खाल्ली ट्रकात. हे माइकची लावली."
"जुनी फेकली?"
पेटीमागून काढून दिली: टोकं शाबूत,
मधला भाग दातांचा.
तिच्या पिनेवर दोन काळ्या रेघा.

मी खालीच बसलो.
दोन बटणांच्या दोन तारा, परतीची तिसरी.
माइकच्या वायरीत दोनच.
तिसरीची जागा धातूला धातू टेकून बुजलेली.
म्हणजे ते बटण
कोणाचा पाय नसताना दाबलेलं होतं
काल रात्रीपासून,
आणि पोरगा त्याच्यावर उगाच पाय आपटत होता,
दर सीनला मॅनेजरची माफी मागत.

रात्री बाराला तीन तारा कुठून आणायच्या?
कॅरिअरकडे पाहिलं.
लाल, पिवळी, निळी.
चार हात तोडली. सोमाजी, उद्याचं उद्या.

जनरेटर धापा टाकी, पेन्सिल तापे आणि विझे.
सहा टाके, तोंडात बॅटरी धरून.
वरून काळी पट्टी.
तथागतनं पाय ठेवला.
कडक.
पुन्हा ठेवला.

आई दुसऱ्यांदा मेली. या खेपेला नीट.
शामियान्यात शिंगाडे सोलायचे थांबले.

पैसे नाटक सुटल्यावर, असं ठरलं होतं.
नाटक सुटलं तेव्हा उजाडलं होतं
आणि मॅनेजर झोपला होता.

सकाळी बोअरमध्ये केबल सोडली, तर चार हात कमी.
सोमाजी उभा, डोळे सुजलेले, जागरणाचे.
"मापून आणली होतीस ना गा?"
सांगितलं सगळं.
तो बराच वेळ बोअरच्या तोंडात पाहत राहिला.
मग म्हणाला,
"म्हंजे रातच्याला मले रडवलं, ते माज्याच वायरीनं?"
आणि जोड मारायला पकड पुढे केली.