पहिलं उठलं नाही तर

गर्लगुंजीच्या दूध डेअरीत, वजनकाट्याच्या मागे,
बिस्किटांच्या डब्यात एक संगणक राहतो.
पडदा नाही, कळफलक नाही.
निंगव्वा त्याला बिनडोक्याचं म्हणते.
बिनडोक नव्हे, बिनडोक्याचं,
आणि सौंदत्तीच्या दिशेनं हात जोडते.

काल पहाटे ते उठलंच नाही.
रात्री हेस्कॉमनं चारदा वीज घालवली,
चौथ्यांदा आली तेव्हा कार्ड मेलेलं.
हिरवा दिवा चारदा मिचकायचा, थांबायचा,
पुन्हा चारदा.
सापडत नाही, सापडत नाही,
एवढंच त्याचं बोलणं.
बाहेर सत्तावीस किटल्या रांगेत,
आणि कल्लाप्पा सेक्रेटरी वहीच्या मागच्या पानावर
फॅट अंदाजे लिहीत होता.
अंदाजानं भांडणं लागतात.

म्हणून मी खानापुराहून शेवटच्या बसनं आलोय.
पिशवीत नवं कार्ड, एक जुनी डिस्क
आणि दसऱ्याला काढून ठेवलेली प्रत.
प्रत दोन्हींवर उतरवली.
लॅपटॉपवरून केबलीतून हाक मारली.
ते दिसत नाही, ओ देतं.

क्रम सांगितला: आधी कार्ड,
उत्तर नाही आलं तर डिस्क.
इथं हा क्रम कुणाला शिकवावा लागत नाही.
बँकेच्या खिडकीत आधी कन्नड,
उत्तर नाही आलं तर मराठी,
तेही नाही तर बोटं.

खरी फसगत निराळीच होती.
प्रत हुबेहूब, म्हणून नावही तेच.
दोघंही एका हाकेला ओ देऊ लागले
आणि यंत्र उठायचं एकावरून, लिहायचं दुसऱ्यावर.
डिस्कला नवं नाव दिलं,
आकड्या-अक्षरांचं लांबलचक,
बारशाला कुणी ठेवणार नाही असं.

"झालं न्हवं?" कल्लाप्पा.
"झालंय. खरं, तपासायला कार्ड उपटावं लागतंय."
"चालतंय ते कशाला उपटालास?"

उपटलं.
दिवा विझला. डेअरीत फक्त पाल
आणि दूध थंड करणाऱ्या टाकीची घरघर.
मी आकडे मोजत होतो. एकवीस, बावीस.
तिसाव्या आकड्याला दिवा लुकलुकला,
वेडावाकडा, बिनमोजणीचा,
म्हणजे कामाला लागलेला.

कार्ड परत बसवलं. मग पावत्यांवरून
दसऱ्यापासूनच्या नोंदी भरत गेलो.
बत्तिसाव्या नावाशी थांबलो.
निंगव्वा. सकाळ, साडेतीन लिटर.
तिची गाय संक्रांतीच्या आधी गेली.
आता ती डेअरीत येते ती चहापुरतं विकत घ्यायला,
आणि डब्याला हात जोडायला.

कार्डावर लिहिलं: खातं बंद.
डिस्कवरही लिहायला हवं होतं.
दोन्हीकडे एकच असावं, असा नियम आहे,
मीच लोकांना सांगत फिरतो.

पाचला पहिली किटली आली.
मी डब्याचं झाकण लावलं.
एखाद्या पहाटे कार्ड उठलं नाही,
तर एका पहाटेपुरती
निंगव्वाची गाय दुभती असेल.
दुपारच्या बसनं येईन मी. दुरुस्त करीन.