लांडग्याची तिकिटं

गॅरी, इंडियाना. बस डेपो, खिडकी नंबर दोन.
सत्तावीस वर्षं काचेच्या या बाजूला बसून
मी खरी तिकिटं विकली:
शिकागो, डेट्रॉइट, आणि डिसेंबर लागला की
गावी परतणाऱ्यांना बर्मिंगहॅम.

काचेच्या त्या बाजूला ओझेल पेटवे
दुसरीच तिकिटं विकायचा.
पाच फूट तीन इंच, पोलाद कारखान्याची राख भुवयांत,
आवाज मात्र मालगाडीचा.
"लॉन्झो, माझे अकरा डॉलर टाक,
नाहीतर तुझी हाडं बुटाच्या खोक्यात भरून
तुझ्या आईला पाठवीन, टपालखर्च तुझ्याच खिशातून!"
लॉन्झो शेंगा सोलत राहायचा. सव्वासहा फुटी देह.
"आला बघा, लांडग्याची तिकिटं घेऊन," म्हणायचा,
"पण गाडी कधी सुटतेय?"
अख्खा बाक हसायचा.
ओझेलही हसायचा, जरा उशिरा.

शब्द आला कुठून, यावर वेगळीच जुंपायची.
डीकन होझिया म्हणत, वुल्फच तो,
लांडगा आला रे आला ओरडणाऱ्या पोराचा.
हमाल रूफस म्हणे, हॅट, वूफ! नुसती भुंक.
आपण बोलताना ल गिळतो,
आणि लिहिणाऱ्या कुणा शहाण्यानं
गिळलेल्या ल च्या जागी
आख्खा लांडगा आणून बसवला.

बरं, पण तिकीट का?
ते मला विचारा.
कागद आज, प्रवास नंतर.
घेणाऱ्यानं खरंच घेतलं
तर विकणाऱ्याला गाडी आणावी लागते.
म्हणून जाणती माणसं नुसता भाव विचारून पुढे जातात.

माझी आई अलाबामाची. तिला ही सगळी चैन वाटायची.
"आमच्याकडे जे खरंच यायचे
ते भुंकत नसत, पोरी.
मोटारीचे दिवे विझवून यायचे.
तुझ्या बापाला कुणी तिकीट विकलं नव्हतं."
एवढंच. मग ती भेंडी चिरत बसे.

एका शुक्रवारी ओझेल आला, तो गप्प.
कामावरून कमी केलं होतं, हे मला नंतर कळलं.
उजवा हात कोटाच्या खिशात, ओठ शिवलेले.
लॉन्झोच्या बोटांत शेंग तशीच राहिली.
एवढी शांतता मी डेपोत कधी ऐकली नव्हती.
आईनं ऐकली असावी.

मी उठले. गुडघे कुरकुरले.
काचेच्या गोल भोकाला तोंड लावून ओरडले:
"ओझेल पेटवे! त्या बाकापलीकडे पाऊल टाकून बघ,
ही काच फोडून येईन, तुझे दोन्ही कान उपटून
सामानाची चिठ्ठी डकवून मिसिसिपीला रवाना करीन,
आणि पावतीसुद्धा देणार नाही!"

तो थांबला. माझ्याकडे बघत राहिला
फलकावर एखाद्या गाडीची वेळ शोधावी तसा.
मग खिडकीशी आला,
डावा हात काउंटरवर ठेवला, रिकामा.
"केवढ्याला, मिस अर्नेस्टीन?"

"अकरा डॉलर," मी म्हणाले,
जरा मोठ्यानंच.
मागे बाक करकरला. लॉन्झो उठत होता,
मांडीवरची टरफलं झटकत, खिसे चाचपत.

उजव्या खिशात काय होतं
ते मी आजवर विचारलेलं नाही.