मधला अंधार

नवलाख्याला, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत,
चौकसे टेंट हाउसची ट्रॉली आली दुपारी तीनला.
तळाशी सुतळी, झेंडूच्या सुकल्या पाकळ्या.
उजव्या पल्ल्याला पोचा,
ठोकून सरळ केलेला, रंग न दिलेला.
मागे दिवे दोनच, एका बाजूला एक.
"ताई, इनमें पीला अलग से लगा दो."

म्हटलं, आधी बघते.

एका बाजूला एकच बल्ब असला
की त्याच्याकडून दोन निरोप सांगून घ्यावे लागतात:
थांबतोय. वळतोय.
थांबतोय म्हणजे सलग लाल.
वळतोय म्हणजे लाल, काही नाही, लाल, काही नाही.
म्हणून मध्ये रिले घालायचा, पाच पायांचा,
चुन्याच्या डबीएवढा.
इंडिकेटरची वीज आली की तो ब्रेकची तार सोडतो
आणि वळणाची धरतो.

टिक, धरली.
पण लुकलुकीत वीज जाते तेव्हा
त्याला धरून ठेवणारीच गेलेली असते.
टिक, सोडली.
आणि ब्रेक तर उभाच आहे, पाय पेडलवर,
तो शिरतो त्या रिकाम्या जागेत.
लाल लाल लाल लाल.
आत डॅशबोर्डवर हिरवा बाण डोळा मिचकावतोय,
चालवणाऱ्याला वाटतंय, सांगितलं मी.
मागच्याला दिसतो
नुसता थांबत आलेला माणूस.

चौकसे स्टुलावर बसला होता. चहा तसाच.
"भैया ने इंडिकेटर दिया था," म्हणाला,
मला नाही, चहाला.
राऊच्या पुढे, उजवीकडे वळताना.
डंपरवाला म्हणाला, दिलाच नाही.
ढाब्यावरचे म्हणाले, दिसला नाही बुवा.
कागदावर तेच उतरलं.
आता वहिनीही म्हणते,
त्यांना घाईच असायची.

मी डबा उघडला.
टेपचं टोक दुमडून त्यावर पांढरा दोरा,
दोन वेढे, तिरपी गाठ.
नवलाख्यात असा दोरा कुणी बांधत नाही.
मी बांधते.
झाकणाच्या आत मार्करने तारीख, माझाच पाचाचा आकडा,
पोट फुगलेला.

मी जरा वेळ पक्कड शोधत राहिले.
हातातच होती.

मग सियागंजला पोराला पाठवलं.
दोन डायोड, दोन कपॅसिटर, चार हजार सातशेचे,
छप्पन्न रुपये.
कपॅसिटर बसवायचा रिलेच्या कॉइलला जोडून:
उजेड असताना थोडी वीज पोटात ठेवतो,
उजेड गेला की ती हळूहळू देतो,
अर्धा सेकंद, तेवढंच,
की रिलेने ब्रेकला आत येऊ देऊ नये.
डायोड एवढ्यासाठी,
की साठवलेलं उलट बल्बाकडे पळू नये.
म्हणजे दिव्यासाठी नाहीच ही वीज.
अंधार राखायला आहे.
दोन लालांच्या मधला तो एवढासा अंधार
हेच तर सांगणं असतं: वळतोय.

छप्पन्न रुपयांचा.
तेव्हा मला माहीत नव्हतं, असं नाही.
तेव्हा लग्नसराई होती, त्याला संध्याकाळी निघायचं होतं
आणि ब्रेक न दाबता मी तपासलं होतं.

दिवेलागणीला पोराला म्हटलं, ब्रेक दाब. दाबून ठेव.
आता उजवा दे.
चौकसे मागे उभा राहिला, जिथे डंपर असेल तिथे.
डावा लाल, सलग.
उजवा लाल. नाही. लाल. नाही.
तो पुटपुटत मोजत होता,
मला आधी वाटलं उजेड मोजतोय.

"पहले ऐसा नहीं होता था?"
नाही, म्हटलं. आधी ब्रेक खाऊन टाकायचा.
त्याने दिला होता इंडिकेटर.

पैसे त्याने पूर्ण दिले, मी घेतले.
पावती मागितली. वहिनीला दाखवायला, म्हणाला,
हिंदीत लिहा, बडे अक्षर में.
मी लिहिलं: जुन्या वायरिंगमध्ये ब्रेक दाबल्यावर
इंडिकेटर मागे दिसत नव्हता.
कार्बन सरकला होता, तो नीट केला.
खाली अजून एक ओळ मावत होती.
जुनं वायरिंग कुणाचं, ते लिहिलं. सही केली.

त्याने वाचलं. घडी घातली. पुन्हा उघडून वाचलं.
काही बोलला नाही.
गल्लीच्या तोंडाशी ब्रेक लागला, दोन्ही लाल,
मग उजवा लुकलुकायला लागला
आणि रस्ता मोकळा होईपर्यंत
बराच वेळ लुकलुकत राहिला.