मोस मोस

शनिवारी सकाळी डुंगाच्या काठावर
ओबुरा दोन बादल्या पालथ्या घालायचा.
एकीवर तो.
दुसरी कुणासाठी, ते पहिले तीन आठवडे सांगितलं नाही.
मी चौदाची, फीपायी शाळेतून घरी धाडलेली,
मासळी सुकवणाऱ्या बायकांमागे
हनुवटी वर करून उभी.
चौथ्या शनिवारी तो वर न बघता म्हणाला,
"दहाचा पाना."
मी बाराचा दिला.
त्यानं तो घेतला, बोल्टला लावून पाहिला,
जणू चूक बोल्टचीच असावी,
आणि परत माझ्या हातात ठेवला.

मग वर्षभर तेवढंच.
कार्बोरेटर उघड, रॉकेलमध्ये धू, फुंकर मार, बसव.
नाही बसला? उघड पुन्हा.
"मोस मोस," म्हणायचा. हळू. घाई सरोवरालाही नाही.

कौतुक म्हणाल तर नाव नको.
पाठ थोपटायला हात कुठे मोकळे,
मनगटापर्यंत ग्रीस;
म्हणून कोपरानं खांदा ढोसायचा.
एकदा कोपरालाही लागलेलं होतं.
शाळेच्या जुन्या शर्टावरचा तो डाग
मी आईला धुऊ दिला नाही.

नंतर मी ओन्यांगोंच्या इंजिनाचे आटे घालवले.
त्याला दाखवायचं होतं की जोर आहे माझ्यात.
बोल्ट फिरत राहिला, फिरतच राहिला,
आणि मी पाना तिथेच टाकून
जलपर्णीच्या कडेकडेनं पळाले.

एक शनिवार गेला. दुसऱ्या शनिवारी
आलुओच मावशी मासळीच्या टोपलीतून
एक स्पार्क प्लग घेऊन आली.
"काजळी धरलीय म्हणाला. सवडीनं बघ."
"आणखी काय म्हणाला?"
"माझ्याकडून मासे उधार घेतले. आणखी काय म्हणणार?"
पुढच्या आठवड्यात दुसरा प्लग. मग तिसरा.
रागावल्याचा निरोप नाही, ये म्हणून निरोप नाही.
खिडकीत पाच प्लग झाले
तेव्हा मला झोप येईना.
तारेच्या ब्रशनं घासले सगळे, रात्रभर,
चूल विझेपर्यंत, आणि त्यानंतरही.

गेले. बादली होती.
त्यानं प्लग मोजले, उजेडात धरले.
"पाच दिले होते."
पाचवा माझ्या मुठीत होता. तसाच राहिला.
"मोस," म्हणाला.
आमच्या भाषेत मोस म्हणजे हळू,
आणि कुणाचं काही दुखलं तर,
तुझ्यासाठी वाईट वाटलं, हेही मोसच.
त्यातला कोणता, हे मी विचारलं नाही.

ओन्यांगोंना नवं हेड कुणी घेऊन दिलं
हे मला अकरा वर्षांनी कळलं,
त्यांच्याच बोटीत, त्याला पुरून परतताना.
बोलता बोलता सांगितलं त्यांनी,
डिझेलचा भाव सांगावा तसं.

आता शेड माझी. पाट्यावर नाव माझं, रंग उडालेलं.
वासोंगा नावाचा एक पोरगा आहे.
आहे म्हणजे, होता.
स्क्रू-ड्रायव्हरचा अख्खा संच घेऊन गेला,
तीन शनिवार झाले.
मी ओबुरा नाही.
पहिल्या दिवशी मी त्याला सात पिढ्यांच्या शिव्या दिल्या,
दुसऱ्या दिवशी आठवणीनं राहिलेल्या.
संच चांगला होता, जपानी.

तरी मासळीवालीच्या टोपलीत
काल एक प्लग ठेवला.
माझ्या मुठीतलाच, तो पाचवा.
"काय सांगू?" तिनं विचारलं.
"सांग, काजळी धरलीय."
खोटं होतं. लख्ख होता तो,
इतकी वर्षं घासतेय.

दुपार होत आलीय.
बोटी परतताहेत, एकीचं इंजिन खोकतंय,
इथूनच कळतं, तिसरा सिलेंडर.
रिकामी बादली उन्हात तापलीय.
उठते,
जरा सावलीत सरकवते.